पुठ्ठ्याबरोबर गेलेली पानं

कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं होतं, पत्रावळीवरचा भाताचा गोळा वाळून चिरायला लागला होता आणि दीडदोनशे माणसं ओढ्याच्या काठावर त्याच्याकडे बघत होती. समोरच्या लिंबावर चार कावळे होते. एकही खाली येत नव्हता.

आमच्याकडे दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, की गेलेल्याचं मन कशात तरी अडकलं आहे असं धरतात. मग घरचे एकेक करून पुढे येतात, हात जोडतात आणि कबूल करतात, तुमचं हे करू, ते करू. माझा थोरला पुढे झाला. "आण्णा, आईला आमी दोघं सांभाळू," म्हणाला. कावळे बसून राहिले. धाकटा म्हणाला, "जमिनीचा तुकडाबी इकणार न्हाई." तरी काही नाही. पुतण्याने नातीचं लग्न थाटात करायचं कबूल केलं. नात तेव्हा तिसरीत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "तंबाखूची पुडी ठिवा राव, लई जीव व्हता त्यांचा तिच्यावर." पुडी ठेवली. एक कावळा मान वाकडी करून पुडीकडे बघत बसला, एवढंच.

श्रद्धांजलीची भाषणं करायला आलेले पुढारी घड्याळं बघायला लागले. त्यांना त्याच सकाळी आणखी दोन गावांचे दहावे उरकायचे होते. त्यातल्या एकाने भाषणात माझ्या नवऱ्याला कष्टाळू शेतकरी म्हटलं होतं. म्हाताऱ्याने सगळी हयात आळेफाट्याच्या गॅरेजात ट्रकच्या चाकांवरचे लोखंडी पाटे ठोकण्यात घालवली. शेतात तो पाहुण्यासारखा जायचा.

माझी धाकटी जाऊ शेजारी बसली होती. तिने कोपर मारलं. "आक्का, तुमी बोला कायतरी. तुमचंच राह्यलं असंल."

काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. तिथे जमलेल्यांत मला एकटीलाच माहीत होतं. एका पुस्तकाची शेवटची पानं राहिली होती, आणि ती माझ्यामुळे गेली होती.

मी चौथी पास. लग्न होऊन राजुरीला आले तेव्हापासून मला वाचायचं काम कधी पडलं नाही. डेअरीची दुधाची चिठ्ठी आणि एसटीची पाटी, एवढंच. वाचायचा तो. गॅरेजात हाताचं ग्रीस पुसायला रद्दी येते, तर हा माणूस हात पुसायच्या आधी कागद वाचायचा. बाकीचे चेष्टा करायचे, "मिस्त्री, आधी हात पुसा, बातमी कुठं पळून जातीय." घरी येताना खिशात अर्धीमुर्धी पानं असायची. जेवताना एक पान मांडीवर, एक ताटाशेजारी. मला राग यायचा. बोलायला घरात एक माणूस, आणि तोही कागदात तोंड घालून.

मग डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, नंतर मधलं. मंचरला दाखवलं, पुण्याला दाखवलं, उशीर झाला म्हणाले. गॅरेज सुटलं. मुलं दोघंही पिंपरीला कंपनीत, सुना तिकडेच. घरात आम्ही दोघं, दोन म्हशी आणि एक रेडिओ. शेजारी टीव्ही आला होता, शेजारीण बोलवायची. एकदोनदा नेलं त्याला. तो म्हणाला, "हिंदीत रडत्यात नुसतं. कोण रडतंय, कशापायी रडतंय, कायबी कळत न्हाई." पुन्हा आला नाही.

दिवसभर तो खाटेवर बसून मला हाका मारायचा. पाणी दे. कोण आलं. किती वाजलं. हायवेवरून ट्रक गेला की म्हणायचा, "याचा पाटा तुटलाय बघ, मागचा डावा." बघून मी काय करणार होते. एका दुपारी वैतागून मी साखर बांधून आलेला कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला लागले. त्याचं तोंड बंद व्हावं, दुसरं काही मनात नव्हतं. बोट ठेवून, अडखळत. जोडाक्षर आलं की थांबायचे, मनात जुळवायचे, मग बोलायचे. तो गप्प झाला. कागद संपला तेव्हा म्हणाला, "फुडं?"

पुढे काही नव्हतं. पुढचा कागद दुसऱ्या कुणाच्या तरी साखरेला गेला होता.

तिथून मला रद्दी हुडकायचा नाद लागला.

आळेफाट्यावर एक शेठ होता. मूळचं राजस्थानाकडचं जैन घर, पण तीन पिढ्या इथेच, बोलणं आमच्यासारखंच. पुढे किराणा, मागे रद्दीचं गोडाऊन. बायका तिथे रद्दी घालायला जायच्या, मी घ्यायला गेले. त्याला वाटलं, मला पुड्या बांधायला कागद पाहिजे. पुस्तकं पाहिजेत म्हटल्यावर त्याने माझ्या हातातल्या किटलीकडे बघितलं.

"नातवाला का, आजी?"

"न्हाई. म्हाताऱ्याला."

"बाबा वाचत्यात?"

"मी वाचती. ते ऐकत्यात."

"मग परीक्षा कवा हाय तेवढं सांगून ठिवा. पेढं आणतो."

शेठ असा. पण त्याने मला गोडाऊनमध्ये बसायला एक पोतं दिलं आणि कधी घाई केली नाही.

खरं सांगायचं तर मला वाचण्यापेक्षा हुडकण्यात जास्त मजा यायची. पोत्याचं तोंड सोडायचं. वर सगळ्या वह्या, गाईडं, लग्नाच्या पत्रिका, जुनी पंचांगं. त्यांच्या खाली हात घालायचा. पुस्तक हाताला वेगळं लागतं. वहीचा कागद गुळगुळीत आणि गार, जुन्या पुस्तकाचा खरखरीत आणि कडेला मऊ पडलेला. पुढेपुढे मी न बघता सांगायचे. शेठ गिऱ्हाइकांना दाखवायचा, "बघा, आजीच्या बोटाला डोळं हायेत." पुस्तक निघालं की मी मधलंच एक पान उघडायचे आणि उभ्याने वाचायचे. पान उलटावंसं वाटलं तर घ्यायचं, नाहीतर परत पोत्यात. म्हाताऱ्याच्या अटी वेगळ्या होत्या. उपदेश नको, कविता नको, राजे चालतील पण थोडे.

पुस्तकांत काय काय निघायचं. एसटीची तिकिटं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, केसातले आकडे. एकदा कागदाच्या घडीत बाळाचं जावळ निघालं. कुणाला नेऊन द्यायचं ते कळेना, म्हणून तसंच बांधून ठेवलं. एका पुस्तकाच्या शेवटी कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'वाचू नका, माझा वेळ गेला.' म्हाताऱ्याला ते इतकं पटलं की ते पुस्तक आम्ही दोनदा वाचलं.

दुपारची भांडी झाली, म्हशींना पाणी दाखवलं, की मी उंबऱ्यात उजेडाला बसायचे आणि तो आत खाटेवर. मी अडले की तो थांबायचा. कधी शब्द आधीच ओळखायचा आणि सांगायचा, तर मी चिडायचे. "ठावं हाय तर मला कशाला वाचायला लावताय?" पाचसहा वर्षं अशी गेली.

आता माझी चूक सांगते.

शेठ पुस्तकं किलोवर द्यायचा. जाड बांधणीचं पुस्तक काट्यावर ठेवलं की निम्मा भार पुठ्ठ्याचाच. मी म्हटलं, "शेठ, पुठ्ठा काढून द्या. पुठ्ठा मी वाचत न्हाई." त्यालाही ते सोयीचं होतं, कारण कागदाच्या गिरणीला पुठ्ठा वेगळा जातो आणि कागद वेगळा. दोन्ही पुठ्ठे मागे ओढून धरायचे आणि एक हिसका द्यायचा. पुस्तक सोलून निघायचं, नावाचं पहिलं पानही पुठ्ठ्याबरोबर जायचं.

"आजी, नाव पुठ्ठ्यावर असतंय," शेठ म्हणायचा. "नाव न्हाई तर पुस्तकाला हाक काय मारायची?"

"आमाला हाक न्हाई मारायची. वाचायचंय."

मला वाटायचं, काय हुशार आहे मी. आमच्या घरी तीसचाळीस पुस्तकं झाली आणि एकालाही पुठ्ठा नव्हता. नावं आम्हीच ठेवली होती. 'विहिरीचं'. 'दोन नवऱ्यांचं'. 'लंगड्या घोड्याचं'. आणि शेवटचं, 'चिठ्ठीचं'.

चिठ्ठीच्या पुस्तकात दोन भाऊ असतात. बांधावरून भांडतात, बोलणं तुटतं, धाकटा नदीपलीकडे जाऊन राहतो. काही दिवसांनी थोरल्याला धाकट्याची चिठ्ठी येते. थोरल्याला वाचता येत नाही. गावात वाचणारे तिघं, पण घरातली गोष्ट त्यांच्या तोंडी जायला नको म्हणून तो कुणालाच दाखवत नाही. चिठ्ठी पागोट्यात खोचून ठेवतो. वर्षं जातात. बायको मरते, पूर येतो, घर पडतं, तो म्हातारा होतो. चिठ्ठी पागोट्यातच.

माझा म्हातारा त्या चिठ्ठीत अडकला. "काय लिव्हलं असंल गं?" दर दुपारी हेच. मी म्हणायचे, माफी मागितली असेल. तो म्हणायचा, "ह्या. भाऊ भावाला चिठ्ठी धाडतो ती मागायला. कायतरी मागितलंय त्यानं." मी म्हणायचे, तुमचा स्वभावच वाईट. तो म्हणायचा, तुला जगाची माहिती नाही. एकदा यावरून त्याने जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी मी सोडलं. आमच्या सगळ्या संसारात आम्ही एकमेकांशी इतकं कधी बोललो नव्हतो.

शेवटी थोरला ठरवतो, ज्याने लिहिली त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. तो नदीवर येतो. नाव पलीकडच्या काठाला असते. तो दगडावर बसून नावेची वाट बघत असतो. इथे पान संपलं. मी उलटलं. मागे काही नव्हतं. शिवणीचा दोरा तेवढा लोंबत होता.

"थांबलीस का?"

"फुडची पानं न्हाईत."

"न्हाईत म्हंजी?"

"फाटल्यात. रद्दीवाल्यानं फाडली असत्याल."

हे मी खोटं बोलले. हिसका शेठने दिला होता, पण तो माझ्या सांगण्यावरून. त्या दिवशी गिरणीचा ट्रक दारात भरत होता, शेठ घाईत होता, मला एसटी गाठायची होती. शेवटची जुडी पुठ्ठ्याला चिकटून गेली ती माझ्या डोळ्यांपुढेच गेली असणार. मी बघितलं नाही. घरी आल्यावरही मागचं पान बघितलं नाही, कारण मागचं पान आधी बघायचं नाही हा आमचा नेम होता.

सकाळच्या पहिल्या गाडीने फाट्यावर गेले. पुठ्ठ्याच्या थप्पीची जागा रिकामी होती.

"आजी, त्याचा एव्हाना लगदा झाला," शेठ म्हणाला. "नाव सांगा, दुसरी प्रत हुडकू कुठंतरी."

"नाव तुमच्या हिसक्यात गेलं."

"आन् हिसका द्यायला कुणी सांगितलं व्हतं?"

काही पुस्तकांच्या पानांवर माथ्याला नाव छापलेलं असतं. या पुस्तकाच्या पानांवर नुसते आकडे होते.

तेव्हापासून बाजाराला गेले की मी रद्दीची दुकानं धरायचे. नारायणगाव, जुन्नर, मंचर. बिननावाचं पुस्तक हुडकायचं तर गोष्टच सांगावी लागते. मी दुकानात उभी राहून दोन भावांचं भांडण सांगायचे. लोक काटा थांबवून ऐकायचे. जुन्नरच्या बाजारात एकजण म्हणाला, "आजी, दोन भाऊ न् चिठ्ठी न्हाई. दोन भाऊ न् एक बाई असलेलं चालंल का? तसली लई हायेत." एकजण सगळी गोष्ट ऐकून घेऊन म्हणाला, "मग चिठ्ठीत काय व्हतं?" मी म्हटलं, "तेच तर हुडकतीय, शहाण्या." घरी येऊन हे सांगितलं की म्हातारा हसायचा. मग विचारायचा, "घावलं का?"

शेवटच्या वर्षात तो अंथरुणाला लागला. मी बाहेरून आले की पाण्याच्या आधी तेच. "घावलं का?" आवाज बारीक झाला होता. मला ते ऐकवेना. मी ठरवलं.

एका दुपारी दुसऱ्याच पुस्तकाची पानं हातात घेतली, जरा वाजवली आणि म्हटलं, "मिळाली."

तो उशीवर सरकून बसला. मी सुरू केलं. नाव आली. थोरला पलीकडे गेला. धाकटा दारातच भेटला. चिठ्ठी उघडली. तीत होतं, दादा, माझं चुकलं. दोघं गळ्यात पडले. मी बरंच लांबवलं, जेवणाच्या पंगतीपर्यंत नेलं. संपवलं.

तो परत उशीवर टेकला. मग म्हणाला, "हे तुझं हाय. पुस्तकातलं न्हाई."

"कशावरनं?"

"अडली न्हाईस कुठं."

मी पानं खाली ठेवली आणि म्हशींना पाणी पाजायला गेले. त्यांचं पाणी पिऊन झालं होतं, तरी गेले. आठव्या दिवशी सकाळी चहा घेऊन आत गेले तर तो संपलेला होता.

म्हणून दहाव्याला, जावेने कोपर मारल्यावर, मी उठले. पिंडाजवळ गेले. नवऱ्याशी सगळ्यांसमोर काय बोलायचं, आयुष्यात बोलले नव्हते. मी म्हटलं, "अहो, पुठ्ठा मी काढायला लावला. शेठचा दोष न्हाई. शेवट हुडकीन आन् वाचून दावीन."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. थोरला पुटपुटला, "आई, काय बोलती?" भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "वैनी, बसा सावलीला. ऊन लागलंय तुमाला."

कावळा तरीही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि कार्य उरकलं. पुढारी जीपमध्ये बसले. लिंबावरचे चारही कावळे गर्दी पांगल्यावर खाली उतरले आणि सगळा भात खाल्ला. मी ते बघितलं. कावळ्यांचं एवढंच असतं, ते माणसांना भितात. त्यांच्यावर माझा भरवसा तेव्हाही नव्हता. पण मी दोनशे माणसांत बोलले होते.

मुलांनी मला पिंपरीला नेलं. वाईट वागवलं असं नाही. पण दिवसभर दार बंद, टीव्ही चालू, आणि सून कामावर. मी पंधरा दिवसांत परत आले. थोरला म्हणाला, "तिथं हाय कोण तुझं?" मी म्हटलं, म्हशी आहेत. एक तोवर विकली होती.

एका माणसाचा स्वयंपाक करायला वेळ लागत नाही. सकाळी दोन भाकरी टाकल्या की एक सकाळी, एक संध्याकाळी. डेअरीवर दूध घातलं की दिवसभर तोंड उघडायचं कारण उरत नसे. मला वाटलं, दुपारी वाचत बसू. ते जमलं नाही. मनातल्या मनात वाचणं मला कधी आलंच नाही. मी मोठ्यानेच वाचायला शिकलेली. एकटीने उंबऱ्यात बसून मोठ्याने वाचायला लागले की आपलाच आवाज घरात फिरून परत यायचा. जोडाक्षराला थांबले की आतून कुणी शब्द सांगत नव्हतं. चार दिवस केलं आणि बंद केलं. पुस्तकं गोणीत भरून माळ्यावर टाकली.

हुडकणं मात्र चालू ठेवलं. त्यात निदान माणसं भेटायची. गावातली टवाळ पोरं एसटीच्या थांब्यावर विचारायची, "आजी, चिठ्ठी आली का?" मी म्हणायचे, "तुझ्या लग्नाची आली. बाई न्हाई म्हणली." पुढे त्यांचीही लग्नं झाली आणि विचारायचं बंद झालं. फाट्यावरचे फोनचे पिवळे बूथ गेले, ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला. किराणा कागदात बांधून मिळेनासा झाला, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. शेठ थकला. मुलाने पुढे दुकान वाढवलं आणि मागचं गोडाऊन बंद केलं. शेवटचं गेले तेव्हा शेठ खुर्चीवर बसून होता. म्हणाला, "आजी, मी इसरलो न्हाई बरं का. त्यो हिसका." मी म्हटलं, "मीबी न्हाई." त्याने मला खरंच पेढा दिला.

अवसरी खुर्दला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज झालं, तेव्हा मंचरला कुणीतरी सांगितलं, की तिकडे रस्त्यावरच्या रद्दीवाल्याकडे पोरं पोत्यांनी पुस्तकं घालतात. मी गेले. पुस्तकं होती, वीटभर जाड, सगळी इंग्रजी. दुकानदार गडी बोलका होता. एक पुस्तक उचलून म्हणाला, "आजी, हे न्या. ह्यात नदीवर पूल कसा बांधायचा ते सगळं दिलंय."

मला हसू आलं. तो थोरला नावेची वाट बघत इतकी वर्षं काठावर बसलेला, त्याला पूलच पाहिजे होता. म्हातारा असता तर त्याला हे दोन दिवस पुरलं असतं. एसटीत बसल्यावर मला सारखं वाटत होतं, घरी गेल्या गेल्या हे सांगायचं. पिंपळवंडीच्या पुढे लक्षात आलं, की घराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याच कमरेला आहे.

तिथे मी पुन्हा गेले, तिसऱ्यांदाही गेले. तिसऱ्यांदा दुकानदार म्हणाला, "आजी, तुमच्यासाठी एक मराठी पोतं बाजूला ठिवलंय. मास्तर वारलं एक, त्यांच्या घरातलं."

मी पोत्याचं तोंड सोडलं आणि हात घातला. वर अंक, वह्या. खाली पुस्तकं. चौथं का पाचवं काढलं, मधलं पान उघडलं आणि उभ्याने वाचलं. थोरल्याने पागोटं सोडून खुंटीला लावलं होतं आणि बायको विचारत होती, रात्री उशाला पागोटं कशाला लागतं.

मी तिथेच खाली बसले. दुकानदार पाणी घेऊन आला. मी पुस्तक मिटून दोन्ही बाजूंनी बघितलं. पुठ्ठे दोन्ही जागेवर होते. त्यावर नाव होतं. दोनदा वाचलं. आम्ही ठेवलेलं बरं होतं.

दुकानदाराने ते काट्यावर ठेवलं. "पुठ्ठा काढू का, आजी? वजन कमी भरंल."

"हात लावू नका," मी म्हटलं. इतकं जोरात म्हटलं की रस्त्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला.

शेवट मी तिथे बघितला नाही. गाडीतही नाही. दुसऱ्या दिवशी भांडी केली, म्हशीला पाणी दाखवलं आणि उंबऱ्यात बसले. खाट आत होती तिथेच होती. वर कांद्याच्या पिशव्या ठेवल्या होत्या, त्या उतरवल्या. मग माळ्यावरून काढलेलं जुनं बिनपुठ्ठ्याचं पुस्तक जिथे तुटलं होतं तो आकडा बघून त्याच्या पुढचं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. चौदा पानं. कितीतरी वर्षं मोठ्याने वाचलं नव्हतं, दर ओळीला अडत होते. नजरही अधू झाली होती. चौदा पानांना सगळी दुपार लागली.

मध्ये शेजारीण डोकावली. "कुणाशी बोलताय?"

"वाचतीय."

"घरात तर कुणी न्हाई."

"ठावं हाय मला."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिची मालिका लागायची वेळ झाली म्हणून गेली.

त्या चौदा पानांत नाव येते. थोरला पलीकडे जातो. धाकटा नऊ वर्षांपूर्वीच मेलेला असतो. त्याची मुलगी दारात दाणे पाखडत असते. तिला तो कोण ते माहीत नसतं, आणि तोही सांगत नाही. एवढं वाचून देशील का बाई, म्हणून चिठ्ठी पुढे करतो. घडीवर घडी पडून चिठ्ठीचे चार तुकडे झालेले असतात. मुलगी ते सुपात जुळवते आणि वाचते. 'दादा, पेरणीपुरता दोन दिवस बैल दे. तिसऱ्या दिवशी आणून सोडतो.' तेवढंच लिहिलेलं असतं. थोरला तुकडे गोळा करून पागोट्यात ठेवतो आणि नावेकडे चालायला लागतो. पुस्तक संपतं.

म्हातारा बरोबर होता. मागितलंच होतं. माफीचा एक शब्द नव्हता.

मी पुस्तक मिटलं. खाटेकडे बघून म्हटलं, "तुमचं खरं निघालं." मग कांद्याच्या पिशव्या परत वर ठेवल्या, कारण जमिनीला ओल होती.

संध्याकाळी थोरल्या मुलाचा फोन आला. त्याला सांगितलं, पुस्तक मिळालं.

"कसलं पुस्तक?"

"दहाव्याला बोलले व्हते ते."

"बरं झालं," तो म्हणाला. "जेवलीस का?"

जेवले म्हणून सांगितलं. चिठ्ठीत काय होतं ते त्याने विचारलं नाही, धाकट्यानेही नाही. जाऊ तोवर वारली होती. शेठ वारला होता. ओढ्याकाठी जमलेल्या त्या माणसांतल्या कुणीही ते आजपर्यंत विचारलेलं नाही.

पुस्तक दोघांनी सुरू केलं होतं. संपलं तेव्हा घरात मी एकटी होते.